यूजरनेम: बेलगाम

(इंदुरात मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. बोलले तसंच ठेवलंय, फक्त जिथे फार अडखळले तिथे थोडं आवरलंय.)



संयोजकांनी विषय दिलाय ‘माझ्या यूजरनेममागची गोष्ट’. आधी मला वाटलं, यात काय बोलायचं? नावातला अर्धा भाग उपलब्ध नव्हता म्हणून आकडा जोडला, संपली गोष्ट. पण माझ्या यूजरनेमवरून गेल्या चार-पाच वर्षांत मला इतक्या लोकांनी इतकं ऐकवलंय की आता एकदा सगळं सांगूनच टाकते.

माझं यूजरनेम आहे बेलगाम अंडरस्कोअर इंदूर. रोमन अक्षरांत लिहावं लागतं, कारण इन्स्टाग्रामच्या त्या चौकोनात देवनागरी चालत नाही. अक्षरं, आकडे, टिंब आणि अंडरस्कोअर, बस. हिंदीत बेलगाम म्हणजे लगाम नसलेला. बेलगाम घोडा, बेलगाम जबान. मुलीने स्वतःला असं काही म्हणवून घ्यावं हे आमच्या कॉलनीतल्या काही काकूंना अजून पटलेलं नाही.

पण हे नाव मी स्वभावावरून घेतलेलं नाही. ते माझं जन्मगाव आहे.

माझी आई बेळगावची, शहापूर भागातली. बाबा इंदूरचे, चार पिढ्यांपासून. हे दोघं एकत्र कसे आले त्याचं श्रेय अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला. २००० साली संमेलन बेळगावला झालं, य. दि. फडके अध्यक्ष होते. २००१ साली इंदूरला झालं, विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या. बेळगावच्या संमेलनात माझा मामा स्वयंसेवक होता. तिथे त्याला इतकी चटक लागली की पुढच्या वर्षी तो इंदूरला श्रोता म्हणून आला. इथे स्वयंसेवक होते माझे बाबा. मामाची राहायची सोय बघता बघता सोयरीक जमली. आमच्या घरात संमेलनावर कोणी टीका केली की आई म्हणते, गप्प बस, तू त्याच्यामुळेच आहेस.

पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणून माझा जन्म बेळगावचा, २००३ चा. चाळीस दिवसांनी मला इंदूरला आणलं आणि मग मी इथलीच झाले. जन्मदाखला मात्र तिथला राहिला. तो दोन भाषांत आहे. कन्नडमध्ये बेळगावी, इंग्रजीत बेलगाउम, म्हणजे बी ई एल जी ए यू एम. गांव शब्दातला अनुस्वार इंग्रजांच्या त्या शेवटच्या एमने सांभाळलाय, तुम्ही आम्ही तो कधीच सोडून दिला. शाळेत नाव घालताना क्लार्कनी दाखल्यावरचं इंग्रजी वाचलं आणि रजिस्टरमध्ये हिंदीत लिहिलं, जन्मस्थान: बेलगाम. त्यांची चूक म्हणता येणार नाही, हिंदी वर्तमानपत्रंही असंच लिहितात. सातवीत हिंदीच्या बाईंनी कसल्या तरी फॉर्मसाठी सगळ्यांची माहिती मोठ्याने वाचून दाखवली. जन्मस्थान बेलगाम! वर्ग फुटला हसून. त्या दिवसापासून माझं नाव बेलगाम. इंदुरात एकदा नाव पडलं की पडलं. भिया लोक लग्नपत्रिकेतसुद्धा कंसात टोपणनाव छापतात.

मला वाईट वाटलं नाही, खरं सांगते. उलट त्या वयात तेवढंच काय ते वेगळेपण होतं. अकरावीत अकाउंट उघडलं तेव्हा नुसतं बेलगाम कोणीतरी आधीच घेतलेलं होतं, म्हणून पुढे इंदूर जोडलं. आणि ते आय एन डी ओ आर ई असं नाही, आय एन डी यू आर असं. घरात आपण इंदूरच म्हणतो ना.

इथेच पहिला प्रश्न आला. सीमाभागातल्या एका दादांनी मला लिहिलं, ताई, इंदूर मराठीत लिहिता आणि बेळगाव हिंदीत? हा कुठला न्याय? आपल्या गावाच्या नावासाठी लोकांनी तुरुंग बघितलेत.

मी तेव्हा राज्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होते. पहिल्या वर्षाला सगळ्यांनाच वाटतं की उत्तर आपल्याकडे आहे. पण याचं उत्तर शोधायला मला बराच वेळ लागला आणि त्या शोधात मी थोडी आडवळणाने गेले. तुम्हालाही नेते.

आपल्या इंदूरवर ज्यांनी राज्य केलं ते होळकर. मल्हाररावांचं गाव पुणे जिल्ह्यातलं होळ. होळचे म्हणून होळकर. म्हणजे यूजरनेमच की ते! गाव अधिक कर. दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशी गावावरून मंगेशकर हे आडनाव घेतलं, आणि त्यांची थोरली मुलगी २८ सप्टेंबर १९२९ ला जन्मली कुठे, तर आपल्या इंदुरात. जन्मनाव हेमा. मग लता. घराण्याचं आडनाव बदललेलं, मुलीचं नाव बदललेलं, आणि जगाला माहीत आहे ते ठरवून घेतलेलं नाव. आपल्या लोकांना ही सवय जुनीच आहे. माणूस गाव सोडतो, मग गावाला कर लावून बरोबर घेऊन फिरतो.

आता होळकरमधला ळ बघा. हिंदीत होलकर. इंग्रजीत एल. स्टेडियमवर, कॉलेजवर, विमानतळावर, कुठेही ळ नाही. आणि आपण कोणीही त्यासाठी भांडत नाही. इंदूर की इंदौर, यावरूनही नाही. २०१७ साली आपल्या महापालिकेत इंदूर नाव करावं असा प्रस्ताव आला होता, पेपरात बातम्या आल्या, चार दिवस चर्चा झाली आणि लोक परत सराफ्यात खायला गेले. का? कारण मी इंदूर म्हटलं काय आणि समोरचा इंदौर म्हटला काय, त्याने माझं काही बिघडत नाही. माझ्या दुकानाची पाटी कोणी मोजत नाही. माझं मराठी बोलणं हे कोणाविरुद्ध बोलणं आहे असं इथे कोणाला वाटत नाही. वर्गात मराठी बोललं तर फार तर कोणीतरी म्हणतं, काय गं, आम्हालाही सांग ना.

बेळगावात तसं नाही. तिथे नाव म्हणजे बाजू.

हे मला पुस्तकातून कळलं त्याच्या आधी माझ्या आजीकडून कळलं. आजी, म्हणजे आईची आई, १९५६ साली अकरा वर्षांची होती. शहापूर हे आधी सांगली संस्थानात होतं, शेजारचं बेळगाव ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात. तिच्या लहानपणी संस्थान गेलं, मुंबई राज्य आलं, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्य. ती म्हणते, “आम्ही कुठे गेलो नाही गं. घर तिथंच, चूल तिथंच. राज्यंच येऊन जाऊन करत होती.”

हे वाक्य मी परीक्षेतल्या उत्तरात लिहिलं होतं. परीक्षकांनी खाली रेघ मारली, चांगलं म्हणून की पाल्हाळ म्हणून ते कळलं नाही.

त्याच तारखेला, १ नोव्हेंबर १९५६ लाच, इकडे मध्य भारत जाऊन मध्य प्रदेश झाला. म्हणजे माझ्या आईच्या माहेराने आणि सासरने एकाच दिवशी राज्य बदललं. इकडे तो दिवस म्हणजे मध्य प्रदेश स्थापना दिवस, रोषणाई, सांस्कृतिक कार्यक्रम. कर्नाटकात राज्योत्सव, लाल-पिवळे झेंडे. आणि बेळगावातल्या मराठी माणसासाठी काळा दिवस, काळे कपडे घालून निषेध फेरी. तारीख तीच. १९७३ साली म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं तेही १ नोव्हेंबरला. २०१४ साली बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं तेही १ नोव्हेंबरला. सरकारं तारखा उगाच निवडत नाहीत हे राज्यशास्त्राच्या मुलीने तरी लक्षात ठेवावं.

इथे बसलेल्या तरुण मंडळींसाठी थोडक्यात पार्श्वभूमी सांगते, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांना बेळगाव म्हणजे कुंदा एवढंच माहीत असतं. संयुक्त महाराष्ट्राची मागणी साहित्य संमेलनाच्या ज्या अधिवेशनातून जोरात पुढे आली ते १९४६ चं अधिवेशन बेळगावलाच झालं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते. आणि दहा वर्षांनी बेळगावच बाहेर राहिलं. १९६६ साली महाजन आयोग नेमला, १९६७ ला अहवाल आला. महाराष्ट्राने ८१४ गावं मागितली होती. आयोगाने २६४ द्यावीत म्हटलं, त्यात निपाणी होतं, पण बेळगाव शहर नव्हतं. आणि महाराष्ट्रातली २४७ गावं कर्नाटकाला द्यावीत असंही म्हटलं. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, आता दावा ८६५ गावांचा आहे. खटला सुरू झाला तेव्हा मी एक वर्षाची होते. आता एमए करते. निकाल नाही.

पण माझा विषय गावांचे आकडे नाही, नाव हा आहे. तर येळ्ळूरचं सांगते. बेळगावच्या अगदी जवळचं गाव. तिथे गावाच्या तोंडाशी वर्षानुवर्षं फलक होता, महाराष्ट्र राज्य येळ्ळूर. तीन शब्द. जुलै २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून प्रशासनाने तो पाडला. गावकऱ्यांनी पुन्हा उभारला. पुन्हा पाडला, आणि लाठीमार झाला. मी तेव्हा अकरा वर्षांची, सुट्टीत नुकतीच तिकडून आलेली. टीव्हीवर आई बघत होती आणि मी विचारलं, एका पाटीसाठी? आई म्हणाली, “मग तू तुझ्या वहीवर नाव का घालतेस?”

आता माझ्या मामेभावाकडे येते. त्याचं नाव सांगणार नाही. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. त्याचं यूजरनेम माझ्यासारखं गमतीतलं नव्हतं, सरळ होतं. नाव, अंडरस्कोअर, बेळगावकर. डिसेंबर २०२२ मध्ये सीमेवर तणाव वाढला, महाराष्ट्राच्या मंत्र्यांचा दौरा रद्द झाला, महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली. बसेस बंद. तेव्हा तो बारावीत. एक दिवस त्याच्या जुन्या फोटोंखाली अनोळखी लोक येऊन विचारायला लागले, कुठल्या गल्लीत राहतोस? एवढंच. शिवी नाही, धमकी नाही. कुठल्या गल्लीत राहतोस. मामाने रात्री त्याच्याकडून फोन घेतला आणि म्हणाला, “गाव काढ.”

त्याने गाव काढलं. आता त्याचं यूजरनेम म्हणजे घरातलं लाडाचं नाव आणि पुढे चार आकडे. बघून कोणाला कळणार नाही की हा मुलगा बेळगावचा, की बंगळूरचा, की बांदऱ्याचा.

मामा भित्रा आहे असं कृपा करून समजू नका. त्याने तरुणपणी १ नोव्हेंबरला मार खाल्लाय. पण त्याचं दुकान आहे. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीने पाटीवर साठ टक्के कन्नड सक्तीची झाली. मामाची जुनी पाटी वरती मराठी आणि खाली कन्नड, निम्मी निम्मी. नवी करून घेतली, आठवडाभर गिऱ्हाइकांना “उंची मोजून दाखवू काय?” म्हणून हसवत होता. आता तुम्ही म्हणाल, महाराष्ट्रातही मराठी पाट्यांचा कायदा आहे. आहे. आणि मी त्याच्या बाजूची आहे. राज्याची भाषा पाटीवर ठळक असावी यात मला चूक वाटत नाही, कर्नाटकातही नाही. मला खटकतं ते हे की तिथे उरलेल्या चाळीस टक्क्यांत मराठी लिहितानाही माणूस आजूबाजूला बघून घेतो. घटनेत कलम ३५० अ आहे, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाबद्दल. ३५० ब आहे, भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याबद्दल. दोन्ही १९५६ मध्येच घातली गेली, कारण भाषेवर राज्यं केली की प्रत्येक राज्यात कोणीतरी चुकीच्या बाजूला उरणार हे करणाऱ्यांनाही माहीत होतं. कागदावर सोय आहे. गल्ली विचारणाऱ्यांसाठी कलम नाही.

आणि दुसरी बाजूही सांगते, नाहीतर माझी एक मैत्रीण मला सोडणार नाही. ती अक्कलकोटची. घरात कन्नड, शिकते सोलापुरात. माझ्या यूजरनेमवरून आमचं भांडण झालं. तिने लिहिलं, तू इंदूरची, तुला बेळगावीचं काय पडलंय? आणि हे तिने मराठीत लिहिलं होतं, माझ्यापेक्षा शुद्ध. दोन दिवस वाद झाला. मग ती म्हणाली, आमच्याकडेही आजी म्हणते की आपण इकडे उरलो. महाजन आयोगाने अक्कलकोट कर्नाटकाला द्यायला सांगितलं होतं, आठवतंय ना? म्हणजे तिची आजी आणि माझी आजी एकाच गोष्टीच्या दोन टोकांना. आमचं एकमत झालं असं नाही. ती बेळगावी म्हणते, मी बेळगाव. पण तिने एक गोष्ट दाखवली जी माझ्या लक्षात आली नव्हती: ळ दोघींचा आहे. कन्नडलाही ळ आहे. इथे मालवी बोलणाऱ्या खेड्यांतल्या माणसांनाही आहे. हिंदीत नाही, इंग्रजीत नाही, आणि यूजरनेमच्या चौकोनात तर नाहीच नाही. बेळगाव म्हणा की बेळगावी, ज्या अक्षरावरून आमच्यात काही वाद नाही, नेमकं तेच अक्षर तिथे लिहिता येत नाही.

तर त्या दादांना मी जे उत्तर दिलं ते असं. बेलगाम हे मला हिंदीने दिलेलं नाव आहे, चेष्टेत दिलेलं, आणि मी ते ठेवलं कारण मला ते ठेवता येतं. मी इंदुरात आहे. माझी गल्ली विचारायला कोणी येत नाही, आणि आलं तर चहा घेऊन जाईल. उद्या मी ते बदलून बेळगाव केलं तर मला टाळ्या पडतील, खर्च शून्य. पण त्याने माझ्या मामेभावाला त्याचं गाव परत मिळणार नाही. ज्याला ते लिहायची किंमत मोजावी लागते त्याच्या नावापुढून ते गेलंय आणि जिला काहीच मोजावं लागत नाही तिने ते मिरवावं, हे मला बरोबर वाटत नाही. दादांना पटलं की नाही माहीत नाही. त्यांनी अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ प्रत्येक पिढीत वेगळा असतो.

यूजरनेमच्या खाली स्वतःबद्दल लिहायला जागा असते, तिथे देवनागरी चालते. तिथे मी एकच ओळ लिहिली आहे: जन्म बेळगाव. ळ सकट.

यात एक भर पडली ती दोन वर्षांपूर्वी. १ नोव्हेंबरला सकाळी मामेभावाने मला फेरीचे फोटो पाठवले. काळे शर्ट, सायकली, एक म्हातारे आजोबा काठी टेकत चाललेत. खाली लिहिलं होतं, “तू टाक. मी टाकू शकत नाही.” मी तासभर फोन हातात घेऊन बसले होते. इंदुरात बसून दुसऱ्यांच्या निषेधाचे फोटो टाकायचा मला अधिकार आहे का, हा एक प्रश्न. आणि फोटोत कोणाचा तरी चेहरा दिसला आणि उद्या कोणी त्याची गल्ली विचारली तर, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे. दुसऱ्याचं सोपं होतं. सगळे चेहरे पुसले. पाठमोरे ठेवले. त्या आजोबांना मात्र मामेभावाने जाऊन विचारलं. ते म्हणाले, “माझा दिसू दे. नाव पण लिही. आता माझं कोण काय करणार?” त्यांचा चेहरा ठेवला. नाव नाही लिहिलं, मला धीर झाला नाही.

गेल्या वर्षीही तसंच केलं. आता माझ्याकडे तिकडच्या आणखी तिघांचे फोटो येतात. तिघांपैकी एकाच्याही यूजरनेममध्ये गाव नाही. म्हणजे बेलगाम हे नाव आता पूर्ण माझं राहिलेलं नाही, चार-पाच जण त्यामागे उभे आहेत. आणि गंमत बघा, बघणाऱ्याला ते एखाद्या आगाऊ इंदुरी मुलीचं खातं वाटतं, बेळगावचं वाटतच नाही. क्लार्ककाकांनी ते नाव लिहिलं तेव्हा त्याचा असा उपयोग होईल असं कोणाला वाटलं असतं?

आजीला मी हे सगळं सांगितलं. तिला यूजरनेम म्हणजे काय ते समजावायला वेळ लागला. शेवटी म्हटलं, दारावरची पाटी असते ना, तशी फोनमधली. ती म्हणाली, मग पाटीवर लगाम नाही असं का लिहिलंस? म्हटलं, हिंदीत बेळगावला तसंच म्हणतात. खूप हसली. म्हणाली, “बरोबर हाय की.”

मामेभाऊ आज हे भाषण फोनवर ऐकतोय, कॅमेरा बंद ठेवून. त्याला तुमच्या सगळ्यांच्या वतीने नमस्कार. मागच्या रांगेला कळवते की पोहे आलेत.